खेळातले मुळशी खोरे

संगणकावरचा खेळ दुसऱ्याने करायचा आणि आपण खेळायचा, अशी आपली समजूत असते. कॅनडातील बायोवेअर कंपनीने २००२ साली ‘नेव्हरविंटर नाइट्स’ हा खेळ आणला तो ‘ऑरोरा टूलसेट’ या साधनासह. नकाशाचे तयार तुकडे जोडायचे, पात्रे उभी करायची, त्यांचे संवाद लिहायचे, की आपले स्वतःचे साहस तयार! त्याला मॉड्यूल म्हणतात. जगभरच्या हौशी मंडळींनी अशी हजारो मॉड्यूल रचली आणि फुकट वाटली.

मी मुळशीचा. म्हणून राक्षस आणि जादूगार बाजूला ठेवून मी आमचे खोरे रचायला घेतले. तयार तुकड्यांत किल्ले, तळघरे, जंगले होती, भातखाचरे नव्हती. साध्या शेतांवर भागवले. खरी अडचण कथेत होती. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण झाले, गावे बुडाली. खेळणाऱ्याला धरण थांबवू द्यावे, तर इतिहास खोटा. न द्यावे, तर त्याने खेळायचे कशासाठी?

शेवटी पाणी येऊ दिले. निवड ठेवली ती माणसाच्या वागण्याची. मोबदला घ्यायचा, तुरुंगात जायचे, की शेजारच्या म्हातारीचे सामान डोंगरावर पोचवायचे? जसे वागाल, तसे गावकरी तुमच्याशी बोलतात. हरणार हे ठाऊक असतानाही आमच्या आज्या-पणज्यांनी काहीतरी निवडले होतेच. नातवंडांना ते एकदा खेळून कळावे, एवढीच इच्छा.