घरात जुने दुखणे असताना विम्याची निवड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही गोड बोलावे अशी रीत आहे. पण आपल्या भागाला गोडाची उणीव नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशी साखरेची धुराडी आपल्या भोवती आहेत, आणि आता साखर घरोघरी रक्तातही सापडू लागली आहे. कोणाच्या सासूबाईंना मधुमेह, कोणाच्या यजमानांना रक्तदाब, कोणाला दमा. ही दुखणी पाहुण्यासारखी येऊन जात नाहीत, ती घरचीच होऊन राहतात. अशा घराने आरोग्याचा विमा कसा निवडावा, एवढेच मी सांगणार आहे.

आपण पहिला प्रश्न विचारतो, "हप्ता किती?" माझे म्हणणे असे, की तो प्रश्न शेवटी विचारावा. घरात जे दुखणे आज आहे, त्याला हा विमा केव्हापासून पैसे देईल आणि किती देईल, हे आधी विचारावे.

विकतच्या विम्याआधी आपल्या हक्काचे पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून सर्व रंगांच्या शिधापत्रिकांची कुटुंबे आली आहेत, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. घरात ७० वर्षे पूर्ण झालेले माणूस असेल, तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत त्यांचे वेगळे कार्ड निघते. त्याला उत्पन्नाची अट नाही. या योजनांत जुन्या दुखण्यासाठी वाट पाहावी लागत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे डायलिसिसही त्यांत बसते. मात्र इस्पितळ योजनेतले हवे आणि उपचार यादीतला हवा. अशा इस्पितळात आरोग्यमित्र असतात, त्यांना विचारावे. कार्ड आजच काढून ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. मुलगा कारखान्यात कामाला असेल आणि त्याच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर त्यात आईवडिलांची नावे घालता येतात का, हेही विचारून घ्या.

आता विकतचा विमा. त्यात पहिली पाहायची ती थांबण्याची मुदत. विमा घेण्याआधीपासून असलेल्या दुखण्याला कंपन्या काही काळ पैसे देत नाहीत. पूर्वी ही मुदत ४ वर्षांपर्यंत असे. एप्रिल २०२४ पासून ती ३ वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ती कमी करतात. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणे यांना निराळी मुदत असते. म्हणून ज्या घरात मधुमेह आहे, तिथे हजार-दोन हजार वाचवण्यापेक्षा मुदत वर्षभराने कमी होणे जास्त मोलाचे.

दुसरी गोष्ट खोलीच्या भाड्याची, आणि इथे पुष्कळांची फसगत होते. समजा विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीची मर्यादा शेकडा १, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. आपण ६,००० ची खोली घेतली, तर नुसते भाडेच कापतात असे नव्हे. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा आकार हेही बहुधा त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापले जातात. औषधांना ही कात्री लागत नाही, पण बाकीची रक्कम आपल्या गळ्यात पडते. खोलीची मर्यादा नसलेला विमा मिळाला तर उत्तम. नाहीतर भरती होतानाच मर्यादेतली खोली मागावी.

तिसरी गोष्ट, सगळे घर एका छत्रीखाली घ्यावे काय? एकत्र विम्यात हप्ता सर्वांत वडील माणसाच्या वयावर ठरतो, आणि एकाच्या आजारपणात सगळी रक्कम संपू शकते. म्हणून आजारी वडीलधाऱ्यांचा विमा वेगळा आणि मुलाबाळांचा वेगळा, हे बहुधा सोयीचे पडते.

चौथी गोष्ट, इस्पितळांची यादी. आपण बारामतीकर मोठ्या दुखण्याला पुण्याला धावतो. इंदापूरकडच्या भगिनी अकलूज-सोलापूरलाही जातात. आपण खरोखर जिथे जाणार, ते इस्पितळ कंपनीच्या यादीत आहे काय, ते पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. अर्जात काही लपवू नका. "साखर आहे हे लिहू नका, हप्ता वाढेल," असे सांगणारे भेटतात. इस्पितळात डॉक्टर विचारतात, "मधुमेह किती वर्षांचा?" आपण सांगतो, "दहा." ते कागदावर येते, आणि कंपनी अर्जाशी ताडून पाहते. सलग ५ वर्षे विमा चालू राहिला, की फसवणूक सिद्ध झाल्यावाचून अशा कारणाने पैसे नाकारता येत नाहीत. पण त्या ५ वर्षांत दुखणे थांबून राहील काय? हप्ता थोडा वाढला तरी चालेल. ऐन वेळी अंगावरचे दागिने गहाण टाकण्यापेक्षा ते बरे.

विमा हाती आला, की ३० दिवसांत तो परत करता येतो. त्या दिवसांत कागद वाचून काढा. सातवीपर्यंतचे वाचन त्याला पुरते. शब्द अडला तर मंडळात आणा, आपण मिळून वाचू. हप्त्याची तारीख चुकवू नका. विमा तुटला, तर थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागण्याची भीती असते. ऊसबिल आले, की हप्त्याचे पैसे आधी बाजूला काढावेत. पैसे अन्यायाने नाकारले, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जावे. त्याला फी लागत नाही.

विम्याने सगळे भागत नाही. रोजच्या गोळ्या बहुतेक विम्यांत बसत नाहीत. त्यासाठी सरकारी दवाखाना आणि जनऔषधीचे दुकान आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

शेवटचे एक मागणे. अर्ज भरताना आपण यजमानांचे दुखणे सांगतो, सासूबाईंचे सांगतो, आणि स्वतःच्या नावापुढे "काही नाही" लिहितो. पुष्कळ वेळा ते खरे नसते. आपण कधी तपासलेलेच नसते. घरची चूल जिच्यावर चालते, ती अंथरुणाला खिळली तर घर कोणी चालवावे? तेव्हा भगिनींनो, पुढच्या हळदीकुंकवाच्या आत प्रत्येकीने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, आणि अर्जात आपले नाव खऱ्या माहितीसह लिहावे.