तक्त्याचे मुद्रण : कागदावर काय यावे, काय येऊ नये

(कडोदरा, जिल्हा सुरत येथे कापड-प्रक्रिया कारखान्यांतील मराठी भाषिक लेखनिक व हजेरीनीस यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि बारडोली, व्यारा, नवापूरवरून धुळ्याकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस भेटतात, त्या कडोदऱ्यात छपाई म्हणजे काय हे मी सांगावे असे नाही. आपणांपैकी बहुतेक मंडळी त्याच रस्त्याने खानदेशातून येथे आली आणि साड्यांच्या छपाईच्या परिसरात स्थिरावली. स्क्रीनची जाळी जेथे मोकळी असेल तेथूनच रंग कापडावर उतरतो व जेथे ती बुजविली असेल तेथे कापड कोरे राहते, हे आपण रोज पाहता. ही जाळी रंग ओतण्यापूर्वी तयार होते. संगणकावरील तक्ता कागदावर उतरवितानाही हेच काम आधी करावयाचे असते. परंतु संगणक ते मागून घेत नाही, म्हणून ते राहून जाते.

पूर्वी तो मागून घेत असे. 1983 साली निघालेल्या लोटस 1-2-3 या तक्त्याच्या कार्यक्रमात कोणत्या चौकटीपासून कोणत्या चौकटीपर्यंत छापावयाचे, हे सांगितल्याविना मुद्रण होत नसे. आजच्या एक्सेलमध्ये ही सक्ती नाही. काहीच सांगितले नाही, तर पानावर जेवढे काही आहे तेवढे सगळे तो छापतो. बाजूला केलेली कच्ची बेरीज, कोपऱ्यात लिहिलेला दूरध्वनी क्रमांक, खाली दूरवर चुकून पडलेले एखादे अक्षर, यांतले काहीही तो सोडत नाही. चार पानांच्या पगारपत्रकासोबत कोरी पाने बाहेर पडतात, ती बहुधा अशा भटक्या अक्षरामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे प्रिंट एरिया, अर्थात मुद्रणक्षेत्र. हवा तो भाग निवडावा, ‘पेज लेआउट’मध्ये जाऊन तो मुद्रणक्षेत्र म्हणून ठरवावा आणि फाइल जतन करावी. पुढच्या महिन्यातही तेच क्षेत्र लागू राहते. सोय येथे आहे, आणि धोकाही येथेच आहे.

समजा, दिवाळीपूर्वी 180 कामगारांचे क्षेत्र ठरविले. सुटीनंतर मुकादमाने नवी बारा माणसे आणली व त्यांची नावे तळाशी, ठरविलेल्या क्षेत्राच्या खाली, लिहिली गेली. पडद्यावर ती दिसतात. कागदावर मात्र ती येत नाहीत, आणि संगणक एका शब्दानेही तसे सांगत नाही. सही त्या कागदावर होते, पाकिटे त्या कागदावरून भरली जातात. बारा घरांत त्या दिवशी काय होईल, ते मी वर्णन करीत बसत नाही. यादीतल्या नावाचे मोल या परिसराला ठाऊक आहे. मे 2020 मध्ये शेजारच्या वरेली येथे कामगार घरी परतण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले होते, आणि श्रमिक रेल्वेगाडीत जागा मिळण्याची वाट नोंदणीच्या यादीतूनच जात होती.

म्हणून नवे नाव तळाशी जोडू नये, आत घालावे. क्षेत्राच्या आत नवी ओळ घातली की क्षेत्र आपोआप वाढते. जुने हिशेबनीस बेरजेच्या ओळीवर एक अरुंद रिकामी ओळ राखून ठेवीत, ती युक्ती अजूनही उत्तम आहे. ही रिकामी ओळ बेरजेत धरावी, मुद्रणक्षेत्रातही धरावी, आणि प्रत्येक नवे नाव तिच्या वर घालावे. यादी सतत वाढणारी असेल, तर ठरावीक ओळींऐवजी पूर्ण स्तंभच मुद्रणक्षेत्र म्हणून द्यावेत. मग शेवटच्या भरलेल्या ओळीपर्यंत सर्व छापले जाते. मात्र त्या स्तंभांखाली टिपणे लिहिण्याची सवय तेव्हा सोडावी लागते.

मथळ्याविषयी थोडेसे. दुसऱ्या पानावर नुसते आकडे येतात, तेव्हा कोणता आकडा अधिकालाचा आणि कोणता कपातीचा, हे वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवावयाचे काय? ‘प्रिंट टायटल्स’मध्ये मथळ्याची ओळ एकदा नेमून दिली, की ती प्रत्येक पानावर येते. डावीकडचा नावाचा स्तंभही तसाच नेमता येतो. हजेरीपत्रकाला याचा विशेष उपयोग आहे. एकतीस दिवसांचे स्तंभ एका पानाच्या रुंदीत कोंबले तर अक्षरे मुंगीएवढी होतात. असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते वाचावेत अशी ते काढणाऱ्याची इच्छाच नसावी असे मला वाटते. त्यापेक्षा पंधराव्या तारखेनंतर पान तोडावे आणि दोन्ही पानांवर नावाचा स्तंभ येऊ द्यावा. पगारपत्रक मात्र आडव्या कागदावर एका पानाच्या रुंदीत बसवावे, पानांची संख्या मोकळी सोडावी. स्तंभ अरुंद पडून आकड्याच्या जागी हॅश चिन्हांची रांग आली असेल, तर कागदावरही ती रांगच येते.

आता लपविण्याविषयी. लपविलेली ओळ किंवा स्तंभ छापला जात नाही, हे खरे. परंतु तो फाइलमधून गेलेलाही नसतो. सप्टेंबर 2008 मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या लेहमन ब्रदर्सचा व्यवसाय बार्कलेज बँक घेत असताना, कंत्राटांची यादी न्यायालयासाठी एक्सेलमधून पीडीएफमध्ये उतरविण्यात आली. मांडणी बदलताना लपविलेल्या ओळी उघड्या पडल्या आणि बँकेला नको असलेली 179 कंत्राटे यादीत शिरली. पुढे न्यायालयाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. याउलट, ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर म्हणून मूळ फाइलच दिली. तिच्यातील एका लपविलेल्या पानावर 9,483 अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे होती. 2024 मध्ये त्या दलास साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. तो तक्ता कागदावर छापून दिला असता, तर ते पान बाहेर गेलेच नसते.

आपल्याकडे हा प्रश्न सूचनाफलकावर उभा राहतो. पगारपत्रकात आधार क्रमांक असतो, बँक खाते असते, भ्रमणध्वनी असतो. फलकावर लावावयाच्या यादीत यांपैकी एकाचेही काम नाही. 2016 च्या आधार कायद्यानुसार कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रदर्शित करता येत नाही. तेव्हा मूळ पानावरचे स्तंभ दर वेळी लपवीत बसू नये. फलकासाठी स्वतंत्र पान करावे आणि त्यात अनुक्रमांक, नाव व खाते एवढेच मूळ पानावरून सूत्राने आणावे. कार्यालयाबाहेर पाठवावयाची असेल ती या पानाची पीडीएफ, मूळ फाइल नव्हे. मालक वा ठेकेदार घाईत असला, तरी या बाबतीत त्याचे ऐकू नये.

छापण्यापूर्वी ‘प्रिंट प्रिव्ह्यू’ पाहावा, पण सौंदर्यासाठी नव्हे. शेवटच्या पानावरचा शेवटचा अनुक्रमांक वाचावा आणि तो हजेरीवरील माणसांच्या संख्येशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले तरच छापावे. तळटीपेत पानाचा क्रमांक व एकूण पाने, दोन्ही घालावीत. नुसता क्रमांक असेल तर शेवटचे पान गळल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

आपण आपापली पत्रके सोबत आणली आहेत. आता पहिले पत्रक पडद्यावर घेऊ, आणि त्याचे मुद्रणक्षेत्र कोठे संपते ते पाहू.