उभ्या गाडीची दुखणी

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘मी आणि माझी गाडी’ असा विषय दिला, तेव्हा त्यांना बहुधा प्रवासवर्णन हवे असावे. मी मात्र बोलणार आहे ती उभ्या गाडीविषयी. गाडी चालवावी कशी हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. ती उभी कशी करावी हे आपण जागा मिळेल तसे शिकतो; आणि आपल्या गल्लीत जागा कशी मिळते, हे मी का सांगावयास हवे?

मी १९८५ साली गाडी शिकले ती फियाटवर. तिला पॉवर स्टिअरिंग नव्हते. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवायचे म्हणजे खांदे भरून येत. शिकविणारे मास्तर म्हणायचे, “बाई, आधी गाडीला जरा सरकू द्या, मग फिरवा.” मला वाटे, माझ्या हातांत जोर नाही म्हणून बिचारे सवलत देत आहेत. वस्तुतः त्यांना दया येत होती ती गाडीची! भरलेली ट्रंक जागच्या जागी फिरवून पाहा. हात दुखतात आणि फरशीवर ओरखडे उठतात ते निराळेच. चाकाचेही तसेच आहे. ते गडगडत असले की सहज वळते. उभे असले की त्याचे रबर जमिनीला घासत, पिळत वळते, आणि तो सारा ताण टाय रॉड, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचा रॅक ह्यांच्यावर येतो.

आता स्टिअरिंग एका बोटाने फिरते. पण ताण काही कमी झालेला नाही. आपल्या ऐवजी जोर लावते ती मोटर किंवा पंप. हात तक्रार करीत नाहीत, म्हणून सांधे झिजत नाहीत असे थोडेच आहे? त्यातून स्टिअरिंग अगदी टोकापर्यंत फिरवून तसेच दाबून धरण्याची आपल्याला सवय. तेलावर चालणारे पॉवर स्टिअरिंग असेल तर तेल तापते आणि पंप कण्हू लागतो. विजेवर चालणारे असेल तर मोटर तापते. काही गाड्यांत ती स्वतःला सांभाळण्यासाठी मदत कमी करते, आणि स्टिअरिंग एकदम जड होते. म्हणून टोकाला पोचले की केसभर मागे घ्यावे, आणि फिरविताना गाडी गोगलगाईच्या गतीने का होईना, सरकती असावी.

हे झाले हळूहळू झिजण्याचे. आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगते.

दोन वर्षे मी रोज संध्याकाळी डावीकडची दोन्ही चाके फुटपाथवर चढवून गाडी लावीत होते. गल्ली अरुंद, दुसऱ्या गाडीला वाट मिळावी, हा माझा परोपकार! २०१९ साली साताऱ्याच्या लग्नाला निघालो. मागे नात झोपलेली. शिरवळला हवा भरायला थांबलो, तर हवा भरणारा मुलगा पुढच्या डाव्या टायरकडे पाहत म्हणाला, “मावशी, ह्या टायरवर घाट चढणार?” टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आला होता. फुटपाथची कड आणि चाकाची रिम ह्यांच्यामध्ये टायर चेंगरला की कुशीतले धागे तुटतात, आणि आतली हवा तेवढे रबर बाहेर ढकलते. त्याला ठिगळ चालत नाही; टायर टाकूनच द्यावा लागतो. पुढे खंबाटकीचा घाट होता. मी त्या मुलाला चहा पाजला आणि स्टेपनी लावून घेतली. नात जागी झाली ती साताऱ्यात.

परत आल्यावर मेकॅनिकला दाखविले. अलाइनमेंट बिघडलेली, टायर आतल्या बाजूने खाल्लेला, आणि लोअर आर्मचे बुश चिरलेले. बुश म्हणजे लोखंडाच्या सांध्यातले रबर. गाडी चारी चाकांवर सपाट उभी असली की ते स्वस्थ असते. म्हणूनच चांगला मेकॅनिक त्याचा बोल्ट शेवटचा आवळतो तो गाडी जमिनीवर टेकल्यानंतर. एक बाजू फुटपाथवर ठेवली की ते रबर रात्रभर पिळलेले राहते. स्प्रिंगला उभ्या गाडीचे ओझे जड नसते, ते तिचे कामच आहे. रबराची गोष्ट निराळी. त्याहून वाईट म्हणजे चढताना आणि उतरताना बसणारा धक्का.

खर्च झाला तो झाला. पण त्या दोन वर्षांत समोरच्या आजी काठी टेकत फुटपाथवरून खाली, रस्त्यावर उतरून देवळात जात होत्या, ते माझ्या गाडीमुळे. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मला त्यांनी एका शब्दाने सांगितले नाही, ह्याचीच अधिक लाज वाटते.

गाडी सोडताना चाके सरळ करून ठेवावीत, म्हणजे सांध्यांवरचे रबरी बूट ताणलेले राहत नाहीत. उतारावर मात्र हे लागू नाही. तेथे तोंड खाली असेल तर चाके फुटपाथकडे वळवूनच ठेवा. ब्रेक सुटला तरी गाडी कडेला अडेल. बूट पुन्हा मिळतो.

टायरची कूस आणि बूट कुठे पाहायचे हे ज्यांना प्रत्यक्ष हवे असेल, त्यांनी रविवारी सकाळी आठला खाली यावे. बॅटरी मी आणते. जुनी साडी नेसून या, वाकावे लागेल.