गड उतरायचा कुणी?

(हिरकणीवाडीतल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



तुमच्या वाडीला जिचं नाव आहे, तिची गोष्ट मी तुम्हाला सांगायला नको. एस.टी.च्या गाडीला तिचं नाव, स्टँडवरच्या अंगावर पाजायच्या खोलीलाही तिचंच. बाळासाठी कडा उतरणाऱ्या आईचं आपल्याकडे केवढं कौतुक! पण एखाद्या बाळंतिणीला रात्र रात्र झोप लागत नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, उगाच रडू येतं. तिच्यासाठी कोण कडा उतरतं? तिला आपण म्हणतो, ‘बाहेरचं झालंय.’ नाहीतर म्हणतो, ‘नाटकं करते.’

हा आजार आहे. बाळंतपणानंतर तो कुणालाही होऊ शकतो. त्यात तिचा दोष नाही, सासरचा-माहेरचा शापही नाही. बोलण्याने आणि औषधाने तो बरा होतो. ‘जगावंसं वाटत नाही’ असं ती म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका आणि दवाखाना उद्यावर टाकू नका.

आता तुम्ही म्हणाल, दवाखाना आहे कुठे? बरोबर आहे. इथून महाड पंचवीसएक किलोमीटर. जिल्ह्याचं रुग्णालय अलिबागला. सरकारी मनोरुग्णालयं राज्यात चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. बाईला तिथे न्यायचं तर सोबत माणूस हवा, गाडीभाडं हवं, गुरं कुणीतरी बघायला हवीत, दोघांचा रोज बुडतो. घरचा पुरुष मुंबईला. सासू म्हणते, लावणी होऊ दे, मग बघू. लावणी होते, गणपती येतात, दिवाळी जाते. बाई तशीच.

म्हणून भगताला नावं ठेवायची मला घाई नाही. तो चालत जाण्याइतका जवळ असतो, रात्रीही भेटतो आणि बाईचं गाऱ्हाणं बसून ऐकतो. आमच्या दवाखान्यांनी एवढं तरी करावं.

याच तालुक्यात एकदा हे घडलेलं आहे. विंचवाचं आठवा. जुन्या बायांनी पाहिलंय, लाल विंचू चावला की उतारा, मंत्र आणि मग रडारड. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. दंश झालेल्या माणसाच्या उशाशी बसून त्यांनी बघितलं की माणूस हृदयावर ताण येऊन, छातीत पाणी भरून जातो. पुढे रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यावर चालते हे त्यांनी दाखवलं. जिथे शंभरातले तीस-चाळीस दगावत होते, तिथे ते प्रमाण पाचाच्याही खाली आलं. लोक मांत्रिकाकडून दवाखान्याकडे वळले ते आमच्यासारख्यांच्या भाषणांनी नव्हे. उपचार बिरवाडीत मिळू लागला, माणूस वाचलेला डोळ्यांनी दिसला, म्हणून वळले.

मनाच्या आजाराची गोळी अशी खाली का येत नाही? कायदा तर आलाय. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याचं अठरावं कलम म्हणतं की मानसिक आजार असलेल्या कुणालाही उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा घराजवळ मिळावी. ठरवून दिलेल्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे फुकट मिळावीत. आणखी एक कलम मला फार मोलाचं वाटतं. उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा वेगळं करायचं नाही. हिरकणीला हा कायदा आधी मिळाला असता!

14416 या नंबरावर ‘टेली मानस’ची फुकट सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, दिवसरात्र. नंबर लिहून घ्या, मराठीतही बोलता येतं. पण मोबाईल नवऱ्याच्या खिशात, रेंज माळावर आणि घरात सगळे कान टवकारलेले, तिथे सून काय बोलणार? फोन हवाच, पण तो दवाखान्याच्या जागी चालणार नाही.

22 जुलै 2021 ला तळियेत दरड आली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. रस्ते बंद, फोन बंद. मुंबईला कामाला असलेले वाचले आणि परत आले तेव्हा घर नव्हतं, घरातलं माणूस नव्हतं. घर सरकार बांधून देतं, त्याच्या फाईलला नंबर असतो. पाऊस वाढला की काळजात जे धडधडतं त्याची फाईल कुठल्या टेबलावर आहे? डोंगरपायथ्याच्या किती वाड्यांत बाया पावसाळ्यात बसून रात्र काढतात, हे आशाताईंना विचारा. त्यांना माहीत असतं. त्यांच्या वहीत मात्र त्यासाठी रकाना नसतो.

तर आपण मागायचं काय? महाड आणि पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयांत मनाच्या आजारांच्या डॉक्टरांचा दिवस ठरलेला असावा आणि तो दारावर लिहिलेला असावा. बाजाराचा वार धरला तर उत्तम, एका भाड्यात दोन कामं होतात. औषध महिन्याचं एकदम मिळावं. बाईशी बोलताना नवऱ्याला, सासूला बाहेर बसवावं. आशाताईंना यासाठी शिकवावं, आणि शिकवलं तर त्याचा मोबदलाही द्यावा, फुकट ओझं नको.

मोठ्या ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे हा ठराव मांडू. कागद मी आणलाय, मजकूर कोराच ठेवलाय. भाकरी खाऊन झाल्या की गोल करून बसू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, ज्यांना येतं त्यांनी लिहायचं.