बालकांचा अतिसार व आपले कर्तव्य



आजचा विषय समारंभास शोभणारा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घरात पाळणा हलतो त्या घराशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणूनच आम्ही तो निवडला.

तान्ह्या मुलास जुलाब लागले, की 'दात येत आहेत' किंवा 'दृष्ट लागली' असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. वास्तविक त्यामागे पुष्कळदा रोटा नामक विषाणू असतो. 1973 साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या अस्तरात तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिला. आकार चाकासारखा, म्हणून चाकवाचक लॅटिन शब्दावरून त्यास हे नाव पडले. लहान आतड्यातील अन्नरस शोषून घेणाऱ्या पेशी तो नष्ट करतो. परिणामी ओकाऱ्या व पाण्यासारखे जुलाब सुरू होऊन शरीर कोरडे पडते. मूल दगावते ते या शोषाने.

'आमचे घर स्वच्छ, आम्हांस भय नाही' हा अभिमान येथे व्यर्थ होय. स्वच्छता अवश्य हवी. पण लस निघण्यापूर्वी संपन्न देशांतील मुलांनाही पाच वर्षांच्या आत हा विषाणू बहुधा गाठीतच असे.

आमच्या घराण्यात जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडण्याची चाल होती. हेतू मायेचा, परिणाम घातक! गेलेले पाणी भरून काढणे हाच खरा उपचार. योग्य प्रमाणातील साखर व मीठ यांच्यासमवेत पाणी आतड्यात शोषले जाते. म्हणून जलसंजीवनीची पुडी, वेष्टनावरील मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून, चमच्याचमच्याने पाजावी. अंगावरचे दूध तोडू नये. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत डॉ. दिलीप महालनवीस यांनी याच उपायाने असंख्य प्राण वाचविले. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

तीव्र आजार टाळणारी लस 2016 पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली आहे. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ती तोंडावाटे, विनामूल्य मिळते. आपल्या देशात निघालेल्या अशा लशींपैकी एक तर पुण्यातच तयार होते.

बारशाच्या आमंत्रणांची यादी करताना शेजारीच या तीन तारखाही लिहून ठेवाव्यात, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.