वेठ आणि सेवा



आपल्यांपैकी अनेकांच्या वाडवडिलांनी महार वतनाच्या नावाखाली गावाची वेठ वाहिली. ती संपावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

आज जयंतीच्या मंडपात आपण सतरंज्या अंथरतो, पाणी वाटतो, ते कोणाच्या हुकमाने नव्हे, तर स्वेच्छेने. वेठ आणि सेवा यांतील भेद हाच होय. परंतु भांडी घासणे नेहमी भगिनींच्याच वाट्यास आणि व्यासपीठ नेहमी त्याच पुढाऱ्यांच्या वाट्यास येत असेल, तर वेठ आपल्याच घरात शिरली असे समजावे. म्हणून कामाच्या पाळ्या लावा. अध्यक्षांनी झाडू हाती घ्यावा, भगिनींनी भाषण करावे. समता प्रथम आपल्या मंडपात दिसू द्या.