अंधारात जपलेले रंग
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून चार जणांनी विचारलं, "अमेरिकेत एवढी वर्षं राहून जमवलंस काय?" खरं सांगतो, काचा जमवल्या! रंगीत छायाचित्रांच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या काचा.

त्यांना ऑटोक्रोम म्हणतात. फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंनी त्या १९०७ साली बाजारात आणल्या. हे तेच ल्यूमिएर, ज्यांच्या चलचित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला होता. त्यांची युक्ती ऐका. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळट निळ्या रंगात रंगवायचे, मिसळून काचेवर पसरायचे आणि त्यावर चांदीच्या क्षारांचा थर द्यायचा. प्रकाश या रंगीत कणांतून गाळून आत येई. पुढे रसायनांत धुतल्यावर तीच काच चित्र होई. निगेटिव्ह नाही, म्हणून प्रत्येक चित्र एकुलतं एक.

एडवर्ड स्टायकेन तेव्हा पॅरिसमध्ये होता. त्याने लगेच हे तंत्र उचललं. आल्फ्रेड स्टीग्लिट्झने त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आपल्या गॅलरीत अशा काचा पत्रकारांना दाखवल्या. बोस्टनच्या आल्विन लँगडन कोबर्नने १९०८ साली मार्क ट्वेनचं रंगीत छायाचित्र घेतलं. या दिग्गजांच्या काचा संग्रहालयांत आहेत. माझ्यासारख्या पगारदाराच्या वाट्याला येतात त्या त्यांच्या मागोमाग या वाटेने गेलेल्या अमेरिकन हौशी मंडळींच्या.

काच घेताना मी आधी कडा बघतो. कडेची कागदी पट्टी शाबूत आहे का? हिरवे ठिपके उमटलेत का? हिरवा रंग पाण्यात विरघळणारा, त्यामुळे ओल शिरली की तोच पहिला पसरतो. आणि हे रंग उजेडानेही उडतात. म्हणून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०११ साली स्टायकेन-स्टीग्लिट्झ यांच्या मूळ काचा मांडल्या, त्याही जेमतेम आठवडाभर, प्राणवायू कमी केलेल्या बंद चौकटीत. एरवी तिथे त्यांच्या प्रतिकृती लावतात.

माझ्याही काचा कपाटात, अंधारात असतात. पाहुण्यांना मी स्कॅन दाखवतो. मुलगी म्हणते, "बाबा, बघायचंच नाही तर ठेवायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्या आजवर टिकल्या, कारण कुणीतरी त्या डब्यात बंद ठेवल्या. मी त्या रांगेतला आणखी एक राखणदार. माझ्यानंतर हे ओझं मुलीवर नको, म्हणून सगळा संग्रह एखाद्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं आहे. एकेका काचेची नोंद लिहितो आहे.

त्या नोंदी लिहिताना मात्र हात थबकतो. एका काचेवर बागेत बसलेली एक बाई आहे. टोपीवरची लाल फीत अजून ताजी दिसते. पट्टीवर साल लिहिलं आहे, १९११. नाव नाही. ती कोण, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

मित्रहो, आपल्या दहावीच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतली तीन नावं मला आज आठवत नाहीत. गुरुजन समोर बसलेत, तुम्ही सगळे आहात. जेवणाआधी तो फोटो टेबलावर ठेवतो, सोबत कागद आणि पेन्सिल. नावं लिहूनच पानावर बसा.